मधल्या शाळेची दाखल-वही
(तामलवाडीच्या सीमेवरून एका उपेक्षित साधनाचा विचार)

१

ताम्रपट, शिलालेख, सनदा, महजर, करीने व पोथ्या यांची योग्यता आमच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. या साधनांच्या शोधार्थ आमच्या मंडळींनीं वाड्यांचे माळे, मठांचीं कोठारें व देवळांच्या ओवऱ्या धुंडाळिल्या. परंतु गांवच्या शाळेच्या कपाटांत, अगदीं तळच्या खणांत, जाड पुठ्ठ्याची एक वही पडलेली असते, तिची गणना साधनांत करण्याचें कोणाच्या फारसें मनांत आलेलें दिसत नाहीं. ती वही म्हणजे शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर. मूल शाळेंत कोणत्या दिवशीं आलें, कोणाचें, कोठलें, कोणत्या जातीचें, कोणत्या इयत्तेंत बसलें, कसें शिकलें, केव्हां गेलें व कां गेलें, एवढ्या प्रश्नांचीं उत्तरें एका आडव्या ओळींत देणारा दुसरा कागद आमच्या खेड्यांतून मिळत नाहीं. कुणब्याच्या, मांगाच्या किंवा लमाणाच्या घरांत सनद नसते; परंतु त्याचा मुलगा एक वर्ष कां होईना शाळेंत गेला असेल, तर त्याचें नांव या वहींत असतें.

प्रस्तुत लेखांत धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांतील तामलवाडी हें गांव दृष्टीपुढें ठेवून या साधनाचा विचार करण्याचें योजिलें आहे. कोणा एका शाळेचे आंकडे छापणें हा आमचा हेतु नाहीं. मधल्या शाळेंत, म्हणजे प्राथमिकाच्या वर व हायस्कुलाच्या खालीं, कोण बसत होतें, कोण उत्तीर्ण होत होतें व कोण मध्येंच नाहींसें होत होतें, हें या वहीवरून कसें वाचावें आणि कसें वाचूं नये, एवढाच आमचा विषय आहे.

२

तामलवाडीच कां, याचें उत्तर तिच्या जागेंत आहे. सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, सोलापूर जिल्ह्याच्या शिवेलगत हें गांव वसलें आहे. कोजागरीच्या सुमारास सोलापुराकडून पायीं निघालेले भवानीचे यात्रेकरू याच वाटेनें लोंढ्यासारखे जातात. आज ही शीव दोन जिल्ह्यांमधली आहे. परंतु १९४८ पर्यंत ती दोन राज्यांमधली होती. अलीकडे मुंबई इलाख्यांतील सोलापूर जिल्हा, पलीकडे निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील उस्मानाबाद जिल्हा. या जिल्ह्यास पूर्वीं नळदुर्ग जिल्हा म्हणत. १८५३ सालीं तो वऱ्हाडाबरोबर कंपनी सरकारकडे गेला, कर्नल मेडोज टेलर यांनीं तेथें कारभार पाहिला, आणि १८६० सालीं तो पुनः निजामाकडे आला. ‘उस्मानाबाद’ हें नांव त्यानंतरचें. २०२३ सालीं जिल्ह्यास पुनः ‘धाराशिव’ हें जुनें नांव मिळालें.

या शिवेचा मधल्या शाळेशीं संबंध असा. सोलापूर बाजूच्या खेड्यांतील मुलगा मराठींत सातवीपर्यंत शिके व ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही परीक्षा मराठींतच देई. ‘फायनल पास’ झालेल्यास तलाठ्याची किंवा मास्तरकीची वाट मोकळी होई. शिवेपलीकडे शाळांची उतरंड निराळी होती: प्राथमिक ती ‘तहतानिया’, मधली ती ‘वस्तानिया’ व वरची ती ‘फौकानिया’. तहतानियांत मराठीस जागा होती. वस्तानियापासून पुढें गणित, भूगोल, इतिहास हे विषय उर्दूंतून शिकावे लागत. कारभाराची भाषा फारसी जाऊन उर्दू झाली ती १८८४ च्या सुमारास, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उर्दू हेंच उच्च शिक्षणाचें माध्यम केल्यावर मधल्या शाळेचें तोंडहि कायमचें तिकडे वळलें.

न्यायानें बोलावयाचें तर उस्मानिया विद्यापीठाचें मूळ तत्त्व थोर होतें. एतद्देशीय भाषेंतून शास्त्रें शिकवितां येतात, हें त्या विद्यापीठानें व त्याच्या भाषांतरखात्यानें इतरांच्या पुष्कळ आधीं करून दाखविलें. दोष तत्त्वाचा नव्हे. कोणाची भाषा ‘आपली’ मानावयाची, या निवडीचा होता. १९०१ च्या खानेसुमारींत संस्थानांतील दर शंभर माणसांत तेलुगू बोलणारे सुमारें ४६, मराठी २६, कानडी १४ व उर्दू १० होते. म्हणजे मधल्या शाळेच्या उंबरठ्यावर बहुसंख्य मुलांना गणित येतें कीं नाहीं, हें पाहण्यापूर्वीं उर्दू येतें कीं नाहीं, हें पाहिलें जाई. खेड्यांतील मुसलमान शेतकऱ्याच्या मुलासहि ही परीक्षा सोपी नव्हती. कारण त्याच्या घरची दखनी बोली आणि क्रमिक पुस्तकांतील उर्दू यांत बरेंच अंतर होतें.

यावरून पहिला नियम निघतो. संस्थानी काळांतील मधल्या शाळेंत वरच्या इयत्तांकडे नांवें विरळ होत गेलेलीं दिसलीं, तर तीं मुलांच्या मंदबुद्धीचा पुरावा म्हणून वाचूं नयेत. त्या विरळपणांत भाषेचा अडसर प्रथम वजा केला पाहिजे. दोन कोसांच्या अंतरावरील दोन मुलांपैकीं एक ‘फायनल पास’ झाला व दुसरा पांचवींतून गेला, तर दोघांच्या मेंदूंत फरक नसून मध्यें एक शीव होती, एवढेंच पुष्कळदां सिद्ध होतें.

या अडसरास लोकांनीं उत्तरें शोधिलीं नाहींत असें नाहीं. याच जिल्ह्यांत हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली, व पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें प्रसिद्ध झालेले व्यंकटेश खेडगीकर हे तिचे मुख्याध्यापक होते. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, गुलबर्ग्याची नूतन विद्यालय व हैदराबादेंतील विवेकवर्धिनी याहि त्याच धडपडीचीं फळें होत. परंतु १३३४ फसलींत खाजगी शाळांवर सरकारी परवानगीचा निर्बंध आला आणि खेडोपाडींच्या लहान शाळा झपाट्यानें बंद पडल्या. ज्याच्या घरीं ऐपत होती त्याचा मुलगा शीव ओलांडून सोलापुरास जाऊन शिके. म्हणून तामलवाडीसारख्या गांवच्या मुलांचा शोध केवळ संस्थानी दफ्तरांत घेणें अपुरें आहे. सोलापूरच्या शाळांच्या वह्यांतून ‘जन्मस्थान’ या रकान्याखालीं मोगलाईंतील गांवांचीं नांवें शोधलीं पाहिजेत.

३

आतां वहीच्या वाचनाकडे वळूं. संस्थानी वही बहुधा उर्दू लिपींत असते, आणि तिच्यांतील सन फसली असतो. येथें आमच्या मंडळींची ठेच लागण्याची जागा आहे. पुणें-सातारा भागांतील कागद वाचणाऱ्यास मृगापासून सुरू होणाऱ्या फसली सनाची संवय असते. हैदराबादेचा फसली सन मात्र आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभापासून चाले. त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर व आबान. स्थूलमानानें पहिल्या तीन महिन्यांकरितां फसली सनांत ५९० व उरलेल्या नऊंकरितां ५९१ मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. १३३४ चा आजूर हा १९२४ चा ऑक्टोबर. परंतु त्याच १३३४ चा शहरेवर हा १९२५ चा जुलै होय. सरसकट ५९० मिळविणाऱ्या कारकुनानें तीर महिन्यांत जन्मलेल्या मुलास बसल्या जागीं एक वर्षानें मोठें केलें, असें समजावें. पुढें त्या मुलाची नोकरी व पेन्शन या एका वर्षावर अवलंबून राहिली असेल, तर चूक लहान म्हणतां येत नाहीं.

जन्मतारखेची दुसरी व्याधि शिवेच्या दोन्ही बाजूंस सारखीच आहे. जुन्या वह्यांत ‘१ जून’ या दिवशीं जन्मलेल्या मुलांची दाटी पाहून नवशिका संशोधक चकित होतो. कारण साधें आहे. बाप सांगे, ‘मोठ्या पावसाच्या साली झाला’ किंवा ‘आमच्या पाडीच्या आगें-मागें’. मास्तर मुलाकडे पाहून वय सहा ठरवी व शाळेच्या वर्षारंभाची तारीख लिहून मोकळा होई. हा दोष आम्ही दुसऱ्याच्या माथीं मारीत नाहीं. आम्हीं स्वतः आमच्या नोकरीच्या आरंभीं एका शाळेच्या वहींत अशा तारखा आपल्या हातानें लिहिल्या आहेत. त्या वेळीं तें आम्हांस कागद पुरा करणें वाटलें. पुढें त्यांतला एक विद्यार्थी पन्नाशी उलटल्यावर आम्हांस भेटला व म्हणाला, “गुरुजी, माझी आई म्हणते मी दिवाळींत झालों, तुमच्यामुळें मी पावसाळ्यांत झालों.” तो हंसत होता, पण आम्हांस हंसूं आलें नाहीं. पोथी उतरणारा लेखक शेवटीं पुष्पिकेंत आपल्या चुकांची क्षमा मागतो. दाखल-वहीस पुष्पिका नसते. म्हणून हा उल्लेख येथें करून ठेवितों.

४

सर्वांत वजनदार रकाना धर्म व जात यांचा. हा रकाना वाचतांना तीन प्रश्न विचारावे: सांगणारा कोण, लिहिणारा कोण, आणि लिहिण्याच्या वेळीं त्या शब्दाचा उपयोग काय होता. बापानें सांगितलें, पाटलानें सांगितलें, कीं मास्तरानें गल्लीवरून ओळखून लिहिलें, हें वहींत येत नाहीं. एकाच घरच्या थोरल्या मुलापुढें ‘मराठा’ व धाकट्यापुढें ‘कुणबी’ असें आढळलें, तर एक खरें व दुसरें खोटें असा निवाडा घाईनें करूं नये. व्यवसायाचें नांव आणि जातीचें नांव यांची सीमा लिहिणाऱ्याच्या मनांत पुष्कळदां स्पष्ट नव्हती. पाठभेद मिळाला असतां आपण सर्व प्रती जमवितों व मगच पाठ ठरवितों. तीच शिस्त येथें लागू आहे.

या रकान्यांत काळाच्या मोठ्या घडामोडी उमटल्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतर केलें; त्यानंतरच्या नोंदींत ‘हिंदु-महार’ याच्या जागीं ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ असा शब्द येऊं लागतो. कोणत्या गांवीं तो लवकर आला व कोठें दहा वर्षांनीं आला, याचा तक्ता कोणी मांडील तर त्या चळवळीच्या प्रसाराचा असा नकाशा हातीं येईल, कीं जो सभांच्या वृत्तांतांवरून मिळणार नाहीं. तीच गोष्ट ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींची. त्यांच्यावरील कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. सोलापुरास अशा जमातींची वसाहत ‘सेटलमेंट’ या नांवानें होती. तिच्या आसपासच्या गांवांतून त्यांचीं मुलें साध्या शाळेच्या वहींत केव्हांपासून दिसूं लागतात, हें पाहण्याजोगें आहे.

हा विषय केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाहीं. जातीच्या दाखल्याच्या पडताळणींत संविधानापूर्वींच्या कागदास विशेष वजन दिलें जातें. महाराष्ट्रांत अनुसूचित जातींकरितां १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींकरितां ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांकरितां २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाकरितां १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा प्रमाण मानिल्या आहेत. त्या तारखांपूर्वींचा कागद शोधण्यासाठीं माणसें शाळेच्या दारांत उभीं राहतात. ७ सप्टेंबर २०२३ रोजीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली व मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली दफ्तराबरोबर शाळांच्या वह्याहि उघडल्या गेल्या. २ सप्टेंबर २०२५ रोजीं हैदराबाद गॅझेटियरासंबंधीं शासननिर्णय निघाला. या वादांत कोणत्या पक्षाचें म्हणणें ग्राह्य, हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु मोडी व उर्दू वाचणारे हात किती थोडे उरले आहेत, हें त्या शोधानें सर्वांच्या प्रत्ययास आणून दिलें. एका शब्दावर एका मुलाचा कॉलेजांतील प्रवेश अडतो, आणि तो शब्द वाचणारा जिल्ह्यांत सहज सांपडत नाहीं.

५

वहीचा शेवटचा रकाना ‘शाळा सोडल्याचें कारण’. संशोधक बहुधा येथवर येईतों थकलेला असतो, म्हणून हा रकाना वाचावयाचा राहतो. आमच्या मतें मधल्या शाळेचा खरा इतिहास येथेंच आहे. ‘बापाची बदली’, ‘पुढील शिक्षणार्थ’, ‘मयत’, ‘लग्न झाल्यामुळें’ हीं कारणें स्पष्ट आहेत. त्यांपैकीं शेवटचें मुलींच्याच नांवापुढें येतें, आणि मधल्या शाळेंतील मुलींच्या संख्येचा विचार या दोन शब्दांवांचून होऊं शकत नाहीं. परंतु सर्वांत वरचढ कारण म्हणजे ‘सतत गैरहजर’. हें कारण नव्हे. हा परिणाम आहे. कारण शोधावयाचें तर गैरहजेरीचा महिना पाहावा. धाराशिव, बीड या दुष्काळी टापूंतून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगें-मागें बाहेर पडतात व गाळप संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. या अवधींत मूल आईबापांबरोबर कारखान्याच्या फडांत असतें. हजेरीपटांतील रिकाम्या घरांची लांबी आणि गाळपाच्या हंगामाची लांबी जुळली, म्हणजे कारण सांपडलें. पुढें अशा मुलांस गांवींच ठेवण्याकरितां हंगामी वसतिगृहांची योजना निघाली. तिचा गुण किती आला, हें ठरविण्याचें साधनहि हाच हजेरीपट. १९७२ च्या दुष्काळांतील वह्या अशाच लक्षपूर्वक पाहाव्या, अशी आमची सूचना आहे.

निकालाविषयींहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. १९४८ च्या सप्टेंबरांत, फसली १३५७ च्या आबान महिन्यांत, संस्थानाचा स्वतंत्र कारभार संपला व पुढें मधल्या शाळेंत मराठी आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. १९६२ पासून जिल्हा परिषदांनीं प्राथमिक शाळांचा कारभार हातीं घेतला. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला आणि सहावी ते आठवी यांस ‘उच्च प्राथमिक’ म्हणूं लागले. त्याच कायद्यानें आठवीपर्यंत कोणासहि मागें ठेवण्याची मनाई केली. ही मनाई पांचवी व आठवीपुरती पुढें शिथिल झाली. शिष्यवृत्ति परीक्षेची इयत्ताहि कधीं चौथी-सातवी, तर कधीं पांचवी-आठवी अशी बदललेली आहे. तेव्हां १९४० चा एक उत्तीर्ण, १९६५ चे दहा उत्तीर्ण आणि २०१५ चे सर्वच उत्तीर्ण हे तीन आंकडे एका ओळींत मांडून प्रगतीची रेघ ओढणें म्हणजे तीन निरनिराळ्या मापांनीं मोजलेलें धान्य एकाच बेरजेंत घालणें होय. हैदराबाद संस्थानांत १९०१ सालीं साक्षर शेंकडा सुमारें तीन होते व १९५१ सालीं सुमारें नऊ. या पार्श्वभूमीवर खेड्यांतील मधल्या शाळेपर्यंत पोहोंचलेला मुलगा, मग तो उत्तीर्ण होवो वा न होवो, आपल्या पिढींत विरळा होता, हें आधीं ध्यानांत घ्यावें.

६

आतां आमच्याच मंडळींस एक विनंती. संग्राहकांच्या हातांनीं पुष्कळ कागद वांचले, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करितों. परंतु दाखल-वही ही पोथीसारखी नव्हे. पोथी जागेवरून हलली तरी तिचा मजकूर कायम राहतो. दाखल-वही शाळेंतून हलली कीं तिचा पुरावा म्हणून अर्थच जातो, कारण तिच्या उताऱ्यावर सही-शिक्का करणारा मुख्याध्यापक तेथें असतो. रद्दीच्या दुकानीं अशी वही आढळल्यास ती अवश्य सोडवावी. परंतु आपल्या कपाटांत न ठेवितां शाळेस किंवा जिल्हा कार्यालयास पोंचवून पावती घ्यावी. जेथें वही जागेवर आहे, तेथें मुख्याध्यापकाच्या परवानगीनें पानन् पान छायाचित्रें घ्यावीं. वाळवीच्या खणांतून ती लोखंडी कपाटांत हलवावी. फाटकें पान चिकटपट्टीनें जोडूं नये. आणि फिकट झालेलें अक्षर, तें कितीहि सद्भावानें असो, नव्या शाईनें गिरवूं नये. गिरविलेल्या एका अक्षरानें सबंध ओळ संशयित ठरते. उर्दू व मोडी नोंदींचें देवनागरी लिप्यंतर वेगळ्या वहींत करावें व शंकित वाचनापुढें तशी खूण करावी. मूळ वहींत कांहींहि लिहूं नये. हयात माणसांचीं नांवें, जाति व गुण छापूं नयेत. अभ्यासास संख्या पुरते.

तामलवाडीच्या शिवेवर आज नाकें नाहीं, कीं दोन भाषांचीं राज्यें नाहींत. हमरस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांस आपण केव्हां एका जुन्या राज्यांतून दुसऱ्यांत शिरलों, हें कळतहि नाहीं. ती शीव आतां शिल्लक आहे ती बहुतांशीं या वह्यांच्या रकान्यांतच. आमच्या वाचकांपैकीं तुळजापूर, नळदुर्ग, लोहारा, उमरगा, अक्कलकोट व उत्तर सोलापूर या भागांत राहणाऱ्यांनीं आपापल्या गांवच्या शाळेंत एकदां जाऊन एवढेंच पाहून यावें: सर्वांत जुनी वही कोणत्या सनाची आहे, कोणत्या लिपींत आहे, व कोणत्या स्थितींत आहे. तीन ओळींचें पत्र आलें तरी आम्हांस पुरे. अशीं पत्रें जमल्यास त्यांची यादी याच त्रैमासिकांत प्रसिद्ध करण्याचा आमचा मानस आहे.